बारावीनंतर पोरं अडतात ती छोट्या रकमेपाशी: गरीब घरातल्या मुलांना कॉलेजात पोचवायचं आणि टिकवायचं कसं

मी मूळची बीड जिल्ह्यातली, आता पुण्यात नोकरीला. गेली नऊ वर्षं आम्ही सहा-सात मैत्रिणी-मित्र मिळून दरवर्षी आमच्या भागातल्या तीन-चार मुलांच्या मागं उभे राहतो, बहुतेक सगळी ऊसतोड कामगारांची पोरं. आमची काही संस्था वगैरे नाही, एक वही आहे आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्हालाही एखाद्या मुलाचं शिक्षण करायचंय, साधारण किती पैसे लागतील? म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

खरं सांगायचं तर मोठ्या रकमेवर गाडी फार कमी वेळा अडते. फीसाठी सरकारच्या योजना आहेत आणि पुष्कळ आहेत. पोरं अडतात ती सीट पक्की करायच्या हजार रुपयांपाशी, तहसीलच्या एका दाखल्यापाशी, मेसच्या पहिल्या महिन्याच्या ॲडव्हान्सपाशी. जुलैत कॉलेजची धावपळ चालू असते, तेव्हाच घरातला पैसा पेरणीत गेलेला असतो आणि मुकादमाकडून (ऊसतोडीचे मजूर गोळा करणाऱ्या कंत्राटदाराकडून) नवी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, अजून मिळालेली नसते. त्या चार-सहा आठवड्यांत घरात खरोखर काही नसतं. तुमचा पैसा त्या दिवसांत पोचला पाहिजे, दिवाळीत दुप्पट दिला तरी त्याचा तेवढा उपयोग नाही.

पहिलं काम: त्यांच्या घरी जा

फोनवर ठरवू नका. एक दिवस काढून घरी जा, चहा घ्या, आईजवळ बसा. मुलाशी तर बोलालच, पण निर्णय घरात होतो आणि तो कुठल्या हिशोबावर होतो ते आपल्याला कळलं पाहिजे. ऊसतोडीत मजुरी जोडीवर असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलगा अठरा-एकोणीसचा झाला की त्याचं लग्न लावलं की घरात अजून एक कोयता वाढतो, त्यावर उचल मिळते, आणि मागची फिटायची राहिलेली उचल डोक्यावर असतेच. मुलीचं तर विचारूच नका. आई-बाप सहा महिने बाहेर, पोरगी म्हातारीजवळ गावात, काही बरंवाईट झालं तर, या भीतीनं दहावी-बारावीतच लग्न उरकतात. अशा घरात जाऊन "शिक्षण किती महत्त्वाचं आहे" हे भाषण देण्यात अर्थ नाही, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. एका मावशींनी मला सरळ विचारलं होतं, "ताई, पोरगी राहणार कुठं आन तिच्या दाराला कडी हाय का?" आम्ही मग त्यांनाच गाडीत घालून हॉस्टेल दाखवायला नेलं. त्यांनी खोलीची कडी स्वतः दोनदा लावून बघितली, रेक्टर मॅडमचा नंबर घेतला, आणि परत येताना गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, जाऊ द्या तिला. पुढची चार वर्षं त्यांनी लग्नाचा विषय काढला नाही.

तर विचारायचं काय? डोक्यावर कर्ज किती आणि कुणाचं, घरात आजारी कोण, मुलगा गेला तर त्याचं काम कोण करणार, आणि त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. उत्तरं वहीत लिहून ठेवा, पुढं लागतात.

दुसरं काम: कागद, आणि ते अकरावीतच

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या नऊ वर्षांत जी मुलं हातातून गेली त्यातली निम्मी कागदापायी गेली.

प्लास्टिकची चेनवाली फाइल आणा आणि हे गोळा करा: दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तिथं नॉन-क्रिमिलेअर (मागास वर्गातलं घर सुखवस्तू नाही असा दाखला), जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला पडताळून खरा ठरल्याचं), आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये पीडीएफ करून ठेवा. ओरिजिनल कुणाकडं, अगदी तुमच्याकडंसुद्धा, ठेवायची नाहीत, ती मुलाजवळच राहू द्या.

गोळा झाले की सगळे शेजारी शेजारी मांडा आणि नुसती नावं वाचा. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव साहेबराव, आधारवर सायबराव, रेशनकार्डावर नुसतंच साहेबा, हे सर्रास असतं. जन्मतारखेचं पण तसंच. एका अक्षरावरून शिष्यवृत्तीचा फॉर्म परत येतो आणि दुरुस्तीला महिना जातो, म्हणून हे अकरावीच्या सुट्टीत उरकायचं.

उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी काढलेला दाखला घेऊन पोरं जूनमध्ये रांगेत उभी राहतात आणि तिथं कळतं की हा चालत नाही. एप्रिल लागला की नवा काढायला टाका, कारण जूनमध्ये सेतूवर आणि महा ई-सेवा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते.

जात वैधता हे सगळ्यात वेळखाऊ प्रकरण. अर्ज जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडं जातो आणि पुरावे जुन्या तारखेच्या आधीचे लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आता ज्या घरात आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत तिथं त्यांचा शाळेचा निर्गम उतारा येणार कुठून? अशा वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढायची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, गाव नमुना १४. त्यात आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या नावापुढं जात लिहिलेली सापडते. अक्षर जुनं, बऱ्याच ठिकाणी मोडी, त्यामुळं वाचणारं माणूस सोबत न्या. दुसरी वाट म्हणजे वडिलांकडच्या नात्यात, सख्खे चुलते, आत्या, चुलतभाऊ, यांच्यात कुणाची वैधता आधीच झालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, काम बरंच हलकं होतं. चुलत्याशी बांधावरून भांडण असेल तर (असतंच) ती प्रत मागायला मुलाला एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा.

आता बँक. शिष्यवृत्तीचा पैसा खातं नंबर बघून येत नाही, आधार ज्या खात्याला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेलं आहे तिथं येतो. बऱ्याच मुलांचं लहानपणी शाळेनं काढलेलं एखादं खातं असतं, ते वापरात नसल्यानं बंद पडलेलं, आणि आधार नेमकं त्यालाच जोडलेलं. बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे ही जोडणी, वापरात असलेल्या खात्यावर करून घ्या आणि झालंय का ते आधारच्या वेबसाइटवर बघा.

आणि मोबाइल नंबर. एका वर्षी आमच्या एका पोराचा महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म डिसेंबरमध्ये भरायचा राहिला होता, शेवटचे दोन दिवस, आणि त्याच्या आधारला नंबर जोडलेला होता आईचा. आई त्या वेळी कर्नाटकात उसाच्या फडात. ओटीपी आला की दहा मिनिटांत टाकावा लागतो, मावशींना आकडे वाचता येत नाहीत, आणि रेंज फक्त ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहिलं की यायची. रात्री नऊ वाजता त्या मोळ्यांवर चढून उभ्या राहिल्या आणि खाली ड्रायव्हरला फोन दिला, तो वाचून दाखवणार, तोवर पहिला ओटीपी गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला जमलं. माझ्या कानाला अजून तो आवाज आहे, ट्रॅक्टरचं इंजिन चालू आणि तो माणूस ओरडून एकेक आकडा सांगतोय. जमलं म्हणून ठीक, पण मुलाच्या आधारला मुलाचाच नंबर असता तर हे काहीच करावं लागलं नसतं. आधार केंद्रात अर्ध्या तासाचं काम आहे ते.

तिसरं काम: कोर्स आणि प्रवेशाच्या फेऱ्या

इथं आपली हौस मुलावर लादू नका एवढंच म्हणेन. सगळ्यांनाच इंजिनिअरिंगला ढकलायची गरज नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक, बारावीनंतर नर्सिंग, फार्मसी, कृषी, साधं बीएससी किंवा बीकॉम, यातून लवकर पायावर उभी राहिलेली पोरं मी बघितलीयत. मुलाला विचारा, त्याच्या शिक्षकांना विचारा, आणि त्या कोर्समधून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाशी त्याला बोलायला लावा.

सीईटीतून प्रवेश असेल तर फॉर्मच्या प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः फोन करा. प्रेफरन्स भरताना सोबत बसा, कारण पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. त्यामुळं पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथं खरोखर जायचंय आणि जिथं राहायची सोय होईल. अलॉटमेंट लागली की सीट स्वीकारायचे पैसे ऑनलाइन भरायला दोन-तीन दिवसच मिळतात. तो हप्ता तुम्ही तुमच्या मोबाइलवरून भरून टाका, मुलाला कुणाकडं मागत फिरू देऊ नका.

आणि मॅनेजमेंट कोट्याच्या नादी अजिबात लागू नका. "सीट करून देतो" म्हणणारे एजंट निकालानंतर गावोगाव फिरतात. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, बाहेरून घेतलेल्या प्रवेशाला फीच्या सवलती लागू होत नाहीत, हे ते सांगत नाहीत, आणि मग दुसऱ्या वर्षी शेत गहाण पडतं.

चौथं काम: फी

सगळं महाडीबीटी पोर्टलवरून होतं. मोटामोटी असं धरा. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यात फी आणि वर थोडा निर्वाह भत्ता. आदिवासी मुलांसाठी तशीच वेगळी. खुल्या गटातल्या आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) मुलांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, त्यात व्यावसायिक कोर्सची निम्मी फी. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा फरक पडलाय: ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना हे लागू नाही, ते आधी तपासा.

फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडं. त्रुटी निघाली की परत येतो आणि मुलाला कळतही नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघायला लावा. आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. आमच्या एका मुलीचं दुसरं वर्ष असंच गेलं, तो आमचाच हलगर्जीपणा होता, आम्ही विचारलंच नाही.

खिडकीवर काय होतं तेही सांगते. एका कॉलेजात पोरगी सगळे कागद घेऊन उभी, आणि आतून उत्तर, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. ती घाबरून बाजूला झाली आणि मला फोन केला. मी तिला म्हटलं, तिथंच थांब, आणि हे लेखी द्या एवढंच म्हण. लेखी कुणी दिलं नाही, पण प्रवेश दिला. सवलतीला पात्र असलेल्या मुलाकडून कॉलेजनं पूर्ण फी आधी घ्यायची नसते. पहिल्या दिवशी शक्यतो मोठं माणूस सोबत असावं, नाही जमलं तर फोनवर तरी असावं.

पाचवं काम: राहणं आणि जेवण

पहिला प्रयत्न सरकारी वसतिगृहाचा. समाजकल्याणची आहेत, आदिवासी विकास विभागाची आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. जागा मर्यादित, अर्ज लवकर करा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, छोट्या ठिकाणी कमी, मार्कांची आणि हजेरीची अट असते. मराठा आणि खुल्या गटातल्या गरजू मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. याशिवाय सामाजिक संस्थांची वसतिगृहं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून हे काम करतेय, खेड्यातून आलेल्या किती पिढ्या तिथून शिकून गेल्या. मुलाखत घेऊन प्रवेश देतात, निकालाआधीच चौकशी करून ठेवा.

कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरतं, राहावं लागलं तर डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा ॲडव्हान्स, गादी-बादली-कुलूप, बसचा पास, हे सगळं पहिल्याच आठवड्यात लागतं. आमच्या वहीत मागच्या वर्षी एका पोराचा हा पहिल्या आठवड्याचा खर्च तेरा हजारांच्या आसपास आहे.

कमवा आणि शिका योजना कॉलेजात असेल तर जरूर घ्यायला लावा, लायब्ररीत, ऑफिसात, बागेत रोजचे दोन-तीन तास काम. मुलांना कधी कधी लाज वाटते. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांचं सांगा, १९१९ ला सातारा जिल्ह्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं सातारच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, काम करत शिकवली. त्या बोर्डिंगात एकदा पोरांना खायला धान्य उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. मला ही गोष्ट दर जुलैत आठवते. पोरांना त्या दिवशी जेवायला लागणार होतं, तर त्यांनी त्या दिवशी दिलं.

सहावं काम: मधले महिने

योजना मंजूर असते पण पैसा यायला मार्च उजाडतो, कधी पुढचं वर्षसुद्धा. खोलीभाडं आणि मेस मात्र ऑगस्टपासून दर महिन्याला. इथंच पोरं गुपचूप गावाकडं परत जातात, कुणाला सांगत नाहीत, फोन बंद करतात आणि थेट ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून जातात.

म्हणून आम्ही पैसे दोन भागांत ठेवतो. एक भाग परत न घ्यायचा: पहिल्या आठवड्याचा खर्च, पुस्तकं, प्रवास. दुसरा भाग हातउसना: महिन्याचं भाडं आणि मेस आम्ही भरत राहतो, शिष्यवृत्ती आली की मुलानं तेवढे परत करायचे, व्याज नाही, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाला वापरता येतो. कुठला पैसा कुठल्या भागातला हे पहिल्याच दिवशी आई-वडिलांसमोर स्पष्ट सांगायचं. आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाठवायचा. मुलाला आठवण करून द्यावी लागता कामा नये, कारण ही मुलं मागत नाहीत, एक वेळ जेवण सोडतात पण मागत नाहीत. मेसचे पैसे मेसवाल्या काकूंना परस्पर दिले तर अजून बरं, आणि त्यांना सांगून ठेवा की पोरगं दोन दिवस जेवायला आलं नाही तर मला फोन करा. दोन पोरं आम्हाला अशीच सापडली, एक तापानं फणफणलेला होता आणि एकानं बॅग भरली होती.

शैक्षणिक कर्जाबद्दल थोडक्यात. शेवटचा पर्याय म्हणून ठेवा, पण घाबरू नका. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. ठरावीक नावाजलेल्या संस्थांत प्रवेश मिळाला असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याजात तीन टक्के सवलत आहे. अर्ज पोर्टलवरूनच करा, म्हणजे नोंद राहते.

सातवं काम: पहिलं सेमिस्टर

प्रवेश झाला की आपण निवांत होतो आणि मुलाची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं पोर, वर्गात सगळं इंग्रजी, शेजारचा मुलगा फाडफाड बोलतोय. पहिल्या युनिट टेस्टला मार्क पडत नाहीत आणि त्याला वाटतं आपण इथले नाहीच. तेव्हा आठवड्यातून एक फोन करा आणि मार्क विचारू नका. जेवलास का, रूममेट कसा आहे, कुठला विषय डोक्यात शिरत नाही, एवढंच. त्याच कॉलेजातला त्याच भागातला सिनिअर गाठून द्या, जुन्या नोट्स, कुठले सर समजून घेतात, केटी लागली तर काय करायचं, हे त्याच्याकडून जास्त नीट कळतं. केटी लागलीच तर रागावू नका. आमची एक मुलगी पहिल्या वर्षी तीन विषयांत नापास झाली, तिनं फोनच उचलणं बंद केलं, मग आमच्यातली एक जण तिच्या हॉस्टेलवर जाऊन नुसती तिच्याबरोबर जेवून आली. ती आता सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे.

घरून फोन येतो तोही काळ सांभाळायचा. "आई आजारी आहे, ये" म्हणून बोलावतात, कधी खरं असतं, कधी स्थळ बघायला बोलावलेलं असतं. मुलीला आधीच सांगून ठेवा की असा फोन आला तर आधी ताईला कळव. मग तुम्ही घरी बोला, मावशी, तब्येत कशी आहे, दवाखान्याला पैसे लागतायत का, असं. आजारपण खरं असेल तर मदत करा, नसेल तर त्यांनाही कळतं की पोरीच्या मागं कुणीतरी उभं आहे.

आणि एक कळकळीची विनंती. मुलाचा चेक घेतानाचा फोटो काढून स्टेटसला लावू नका, कार्यक्रमात स्टेजवर उभं करून त्याच्या आईच्या फाटक्या लुगड्याचं वर्णन करू नका. ते फोटो त्याच्या वर्गातल्या पोरांपर्यंत पोचतात. आमच्या वहीत नावं आहेत आणि ती वहीतच राहतात.

हे तुम्ही पावसाळ्यात वाचत असाल तर एक काम याच आठवड्यात करा. तुमच्या ओळखीच्या अकरावी-बारावीच्या पोरांच्या आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते विचारा आणि वैधतेच्या शपथपत्रावर वडिलांच्या सह्या घेऊन ठेवा. दसरा झाला की टोळ्या निघतात, मग ती माणसं एप्रिलपर्यंत गावात सापडत नाहीत.